बाथला जाताय? एक रात्र तरी रहा, आणि फिरायची सुरुवात पाण्यापासून करा

लंडनहून एका दिवसात विंडसर, स्टोनहेंज आणि बाथ दाखवणाऱ्या बस टूर असतात, भारतातून आईबाबा आले की आपल्यातले बरेच जण तीच बुक करून टाकतात. माझं स्पष्ट मत आहे, बाथ हे इंग्लंडमधलं गाव नीट बघायचं असेल तर ती टूर घेऊ नका. बाथच्या वाट्याला जेमतेम दीड-दोन तास येतात, त्यात रोमन बाथ्स, म्हणजे रोमनांनी बांधलेलं जुनं स्नानगृहसुद्धा धड बघून होत नाही, मग गावातल्या मोठ्या जुन्या चर्चसमोर, म्हणजे अ‍ॅबीसमोर फोटो काढा, पुलावर एक चक्कर मारा आणि पळा बसकडे. हे गाव दोन हजार वर्षं एका गरम झऱ्याच्या जिवावर जगलंय. त्या झऱ्यापासून सुरुवात केली, मग ते पाणी कुठे कुठे खेळवलं ते बघितलं, आणि त्यावर आलेल्या पैशातून काय काय उभं राहिलं ते शेवटी बघितलं, की रोमन, चर्च, अठराव्या शतकातल्या इमारती हे सगळं एका धाग्यात बसतं. नाहीतर नुसत्या सुंदर पिवळसर दगडी बिल्डिंगा बघून परत येतो आपण. खाली मी त्याच क्रमाने सांगतोय, एक रात्र मुक्काम धरून.

आधी तारीख आणि बुकिंग

शक्य असेल तर रविवार ते गुरुवार यातली रात्र घ्या. शुक्रवार-शनिवारी हॉटेलचे रेट चढतात आणि नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ख्रिसमस मार्केट असतं तेव्हा तर गावात पाय ठेवायला जागा नसते. मार्केट बघायचंच असेल तर गोष्ट वेगळी, पण गाव बघायचं असेल तर ते दिवस टाळा. मला विचाराल तर ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी-मार्च बेस्ट, कारण गर्दी कमी आणि गरम पाण्यात बसायची खरी मजा थंडीतच. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर रोमन बाथ्स रात्री उशिरापर्यंत उघडं असतं का ते त्यांच्या वेबसाईटवर बघा, उन्हाळ्यात तशी सोय करतात आणि काळोख पडल्यावर मशाली पेटलेल्या असतात, कुंडातून वाफ निघत असते, तो अनुभव दिवसा मिळत नाही.

दोन गोष्टी ऑनलाईन आधीच बुक करायच्या. पहिली रोमन बाथ्सचं तिकीट, त्याचा दर दिवसाप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतो, वीकडेला स्वस्त पडतं, आणि सकाळचा अगदी पहिला स्लॉट घ्या. दुसरी थर्मे बाथ स्पा, म्हणजे जिथे आपल्याला प्रत्यक्ष गरम पाण्यात उतरता येतं ती जागा. रोमन बाथ्समध्ये आंघोळ करता येत नाही हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं आणि हिरमोड होतो, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो: त्या दोन वेगळ्या जागा आहेत, पाच मिनिटं चालायच्या अंतरावर.

हॉटेल खिशाला परवडत नसेल तर ब्रिस्टलला रहा, ट्रेनने पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर आहे. फक्त मग संध्याकाळी थर्मेच्या गच्चीवरच्या रूफटॉप पूलमधून बाहेर पडून ओल्या केसांनी स्टेशन गाठायची तयारी ठेवा.

पोचायचं कसं

लंडन पॅडिंग्टनहून बाथ स्पा स्टेशनला थेट ट्रेन आहे, साधारण दीड तास. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. तिकिटावर सूट देणारी रेलकार्ड मिळतात, दोघं असाल तर टू टुगेदर रेलकार्ड आणि मुलं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढा, टूरिस्टलाही मिळतं, आणि एका लांबच्या ट्रिपमध्येच बऱ्यापैकी पैसे वसूल होतात. व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून बसही जाते, स्वस्त पडते पण वेळ बराच जास्त लागतो.

बाथचं स्टेशनही बघून घ्या बरं का, ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवरचं आहे, १८४० साली सुरू झालेलं. बाहेर पडून सरळ चालत सुटलात की दहा मिनिटांत अ‍ॅबीच्या पुढ्यात. गावाच्या मधल्या भागात टॅक्सी किंवा बसची गरज लागत नाही.

पहिली सकाळ: झरा

हॉटेलवर बॅगा टाकून सरळ रोमन बाथ्स. आत जायच्या आधी एवढं माहीत असू द्या. इथे जमिनीतून रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येतं, ४६ अंश सेल्सिअसला. हजारो वर्षांपूर्वी डोंगरांवर पडलेला पाऊस चुनखडीच्या थरांमधून दोन-चार किलोमीटर खोल झिरपत जातो, तिथे पृथ्वीच्या उष्णतेने तापतो आणि खडकातल्या भेगांमधून दाबाने वर येतो. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीला किंवा कोकणात तुरळ, उन्हवरेला कुंडं बघितलेली असतील तर पाण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही, आणि गरम कुंडाशेजारी देवीचं देऊळ हेही नवं नाही. इथे पण तेच आहे. रोमन यायच्या आधीपासून इथले लोक सुलिस नावाच्या देवीला मानायचे, रोमन आले, त्यांनी तिला आपल्या मिनर्व्हा देवीशी जोडलं आणि पहिल्या शतकात देऊळ आणि स्नानगृह बांधलं. गावाचं नावच पडलं आक्वे सुलिस.

ऑडिओ गाईड तिकिटातच मिळतो, घ्याच, आणि मुलांसाठी वेगळा असतो. किमान दोन तास ठेवा, मी तर अडीच म्हणेन.

आत शिरल्यावर आधी वरच्या गच्चीवरून मोठं कुंड दिसतं. ही गच्ची आणि त्यावरचे पुतळे रोमन नाहीत, १८९७ मधले आहेत. खरं रोमन काम खाली, सध्याच्या रस्त्यापेक्षा कितीतरी फूट खोल. पाणी हिरवं दिसतं ते शेवाळामुळे, रोमनांच्या काळी वर प्रचंड उंच कमानदार छप्पर होतं, ऊन लागत नव्हतं म्हणून तेव्हा पाणी स्वच्छ दिसत असणार. कुंडाच्या तळाला शिशाचे ४५ पत्रे बसवलेत आणि ते अजून पाणी धरून आहेत. खाली गेल्यावर पाण्यात हात घालायचा मोह होतो, घालू नका, हे पाणी शुद्ध केलेलं नसतं आणि तशा पाट्याही आहेत.

लोक मोठ्या कुंडापाशी अर्धा तास फोटो काढतात आणि पुढचं भराभर उरकतात. माझ्या मते उलटं करा, कारण इथलं सगळ्यात भारी जे आहे ते आतल्या अर्धवट अंधाऱ्या भागात. गॉर्गनचं, म्हणजे पुराणकथेतल्या केसांत साप असलेल्या राक्षसाचं, दगडी तोंड बघा, मिशाळ, डोळे वटारलेलं, देवळाच्या दर्शनी भागावरचं, १७९० मध्ये पंप रूम, म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायचं दालन, बांधताना खणकामात सापडलं. देवीचं सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझचं डोकं बघा, ते १७२७ मध्ये गटारासाठी खणताना मिळालं.

आणि मग शापाच्या चकत्या. यासाठी वेळ राखून ठेवाच. शिसं-कथलाचे पातळ पत्रे, नखाएवढ्या बारीक अक्षरांत खरवडून लिहायचं, गुंडाळायचं आणि झऱ्यात देवीला टाकायचं. सव्वाशेच्या वर सापडलेत. बहुतेक सगळे चोरीचे! कोणी आंघोळीला उतरलं की काठावरचे कपडे, अंगठी, पैसे गायब व्हायचे, मग तक्रार थेट देवीकडे. डोसिलियानस नावाच्या एकाचा टोपीवाला झगा चोरीला गेला होता, त्याने लिहिलंय की चोर पुरुष असो वा बाई, गुलाम असो वा मोकळा, त्याला झोप लागू देऊ नकोस आणि मूलबाळ होऊ देऊ नकोस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटांपेक्षा ही झगा हरवलेली माणसं मला जास्त जवळची वाटतात. चकत्या काचेत आहेत, शेजारी भाषांतर दिलेलं असतं, निवांत वाचा.

तिथून पुढे ओव्हरफ्लो येतो, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची रोमनांनी केलेली वाट. छोटीशी दगडी कमान, पाण्यातल्या लोखंडाने दगड नारिंगी झालेला, गरम पाणी धो-धो पडतंय आणि वाफेचा दमट वास. हे पाणी अजूनही रोमन नाल्यातूनच एव्हन नदीकडे जातं. इथे दोन मिनिटं नुसतं उभं रहा.

शेवटी ते पाणी प्यायला मिळतं, म्युझियममध्येच, अर्थात हे शुद्ध केलेलं. कोमट, खारट-लोखंडी चव. चाळीसच्या वर खनिजं आहेत त्यात. एक घोट घ्याच, कारण याच चवीसाठी अठराव्या शतकात अख्ख्या इंग्लंडमधून श्रीमंत मंडळी इथे यायची, डॉक्टर दिवसाला काही पेले प्यायला सांगायचे.

अ‍ॅबी आणि जेवण

बाहेर आलात की समोरच बाथ अ‍ॅबी. आत जायच्या आधी बाहेरून पश्चिमेचा दर्शनी भाग बघा, दोन्ही बाजूंना दगडी शिड्या आहेत आणि त्यावरून देवदूत चढतायत. नीट बघितलंत तर काही जण डोकं खाली करून उतरतायत, मुलांना ते शोधायला लावा. आत मान वर करायची, पंख्यासारखं पसरलेलं दगडी छत आहे. ९७३ मध्ये इंग्लंडच्या एडगर राजाचा राज्याभिषेक या जागेवरच्या जुन्या चर्चमध्ये झाला. आत्ताची इमारत १४९९ पासूनची.

आणि मग भिंती वाचा. सहाशेच्या वर स्मृतिशिला आहेत. बाथला औषधपाण्यासाठी आलेली आणि इथेच गेलेली माणसं, आणि त्यात हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आयुष्य काढलेलेही आहेत. आपल्याकडून गेलेला पैसा शेवटी कुठे येऊन विसावला याचा एक पत्ता हा गाव आहे, हे मनात ठेवून पुढचं गाव बघा. अ‍ॅबीच्या फरशीखालचं हीटिंगही आता झऱ्याच्या पाण्याच्या उष्णतेवर चालतं, म्हणजे रोमन नाल्यातून वाया जाणारी ऊब पुन्हा कामाला लागलीय. टॉवर टूर आहे, २१२ पायऱ्या, गुडघे बरे असतील तरच.

जेवायला पंप रूम छान आहे, झुंबरं, लाईव्ह म्युझिक वगैरे, पण खर्चिक. तिथे चहा-स्कोन पुरे. सॅली लन्स या खाण्याच्या ठिकाणचा मोठा मऊ बन हा इथला खास पदार्थ, गोड टॉपिंगचाही मिळतो आणि तिखट-मिठाचाही, लाईन लागते म्हणून साडेअकरा-बाराला जा किंवा तीननंतर. पूर्ण व्हेज असाल आणि अंडंही चालत नसेल तर बनबद्दल आधी विचारून घ्या. बाकी व्हेजची इथे अडचण येत नाही.

दुपार: फुकटची टूर

हे फार लोकांना माहीत नसतं. महापौरांचे मानद गाईड म्हणून एक स्वयंसेवकांची संस्था आहे, पंप रूमच्या बाहेर अ‍ॅबीच्या चौकातून त्यांची साधारण दोन तासांची पायी टूर निघते, एकदम फ्री, टिपसुद्धा घेत नाहीत. सकाळी साडेदहाला रोज असते, दुपारी दोनला शनिवार सोडून, पण वेळा एकदा चेक करा. बुकिंग लागत नाही, जाऊन उभं रहायचं. तिथली निवृत्त मंडळी आपल्या गावाबद्दल जीव तोडून सांगतात, पैसे देऊनही अशी टूर मिळत नाही.

ही टूर घेतली नाही तरी तीन नावं लक्षात ठेवा. ब्यू नॅश, ज्याने इथल्या नाच-पार्ट्यांना शिस्त लावली आणि तलवारी लावून फिरणं बंद केलं. राल्फ अ‍ॅलन, पोस्टाच्या धंद्यात कमावलं आणि दगडाच्या खाणी घेतल्या, गावाचा तो मधाळ रंग त्याच दगडाचा. आणि जॉन वुड बाप-लेक, ज्यांनी त्या दगडातून गाव उभं केलं.

चढण: सर्कस आणि रॉयल क्रेसेंट

अ‍ॅबीपासून गे स्ट्रीटने वर चढत जायचं, वीसेक मिनिटं. आईबाबा असतील तर ही चढण टॅक्सीने करा आणि उतरताना चालत या, उलटं करू नका.

आधी सर्कस लागतं, प्राण्यांची नव्हे, घरांचं वर्तुळ. थोरल्या वुडने आराखडा केला, १७५४ मध्ये काम सुरू झालं, धाकट्याने पुरं केलं. गोलाकार ३३ घरं, तीन रस्ते आत येतात, आणि कुठल्याही रस्त्याने आलात तरी समोर रस्ता दिसत नाही, घरांची वळती भिंतच दिसते. बरोबर मध्यभागी झाडांखाली उभं राहून टाळी वाजवा, आवाज परत येतो. १४ नंबरचं घर रॉबर्ट क्लाईव्हचं. हो, तोच प्लासीवाला.

तिथून दोन मिनिटांवर रॉयल क्रेसेंट, ३० घरं अर्धचंद्रात, १७६७ ते १७७५ मध्ये बांधलेली, पुढे ११४ खांब. फोटो सगळे पुढून काढतात. तुम्ही मागच्या गल्लीत पण जा. धाकट्या वुडने फक्त दर्शनी भिंत ठरवून दिली होती, ज्याने जेवढी लांबी विकत घेतली त्याने मागे आपल्या मर्जीने घर बांधलं, त्यामुळे पुढून एकसारखा राजवाडा आणि मागून कुठे उंच, कुठे बुटकं, खिडक्या कशाही. पुढच्या पांढऱ्या दरवाजांच्या रांगेत एक पिवळा आहे, तोही शोधा, त्यावरून १९७० च्या दशकात नगरपालिकेशी चांगलंच भांडण झालं होतं. नंबर १ मध्ये म्युझियम आहे, त्या काळचं घर कसं लावलेलं असायचं ते बघायची आवड असेल तर जा, नसेल तर समोरच्या हिरवळीवर बसा, तेही चांगलंच आहे.

जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ इथे रहायची, गे स्ट्रीटवर तिच्या नावाचं सेंटर आहे. तिच्या कादंबऱ्या वाचल्या असतील तर आवडेल. वाचल्या नसतील तर माझ्या मते ते तिकीट वाचवा आणि हर्शेल म्युझियमला द्या, त्याबद्दल पुढे सांगतो.

संध्याकाळ: पाण्यात

आता थर्मे बाथ स्पा. स्लॉट असा घ्या की रूफटॉप पूलमध्ये असताना अंधार पडेल, हिवाळ्यात साडेचार-पाचचा, उन्हाळ्यात रात्रीचा. अंगाला गरम पाणी, चेहऱ्याला गार वारा आणि समोर दिवे लागलेली अ‍ॅबी. पाणी उकळतं वगैरे नसतं, तेहतीस-चौतीस अंशांवर आणलेलं असतं, म्हणून निवांत बसता येतं.

नेहमीचं सेशन दोन तासांचं. टॉवेल, रोब आणि चपला तिकिटात येतात, स्विमसूट आपला न्यायचा. कपडे बदलायचा भाग बायका-पुरुषांना कॉमन आहे पण आत वेगवेगळ्या बंद खोल्या आहेत, त्यामुळे संकोचाचं काही कारण नाही, फक्त घरातल्या मोठ्यांना आधी सांगून ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, त्यामुळे मुलं असतील तर आलटून पालटून जावं लागेल. बीपी, हार्टचा त्रास असेल किंवा प्रेग्नंट असाल तर डॉक्टरांना विचारून मगच.

मध्ये बरीच वर्षं बाथमध्ये कोणालाच या पाण्यात उतरता येत नव्हतं, हेही जाणून घ्या. १९७८ मध्ये इथल्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा अमिबाच्या मेंदूसंसर्गाने मृत्यू झाला आणि आंघोळ बंद झाली. नंतर खोल बोअर घेऊन स्वच्छ पाणी मिळवलं, आणि २००६ मध्ये हे नवं स्नानगृह उघडलं. रोमन कुंडात हात का घालू देत नाहीत त्याचं उत्तर यात आहे.

दुसरा दिवस

सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत, पुल्टनी पूल. रॉबर्ट अ‍ॅडमचा, १७७४ चा, दोन्ही बाजूंना दुकानं असल्यामुळे वरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतच नाही. तो बघायचा ग्रँड परेडवरून, खाली पाण्याचे पायऱ्या-पायऱ्यांचे धबधबे दिसतात. तिथूनच बोटीही सुटतात.

मग हर्शेल म्युझियम, न्यू किंग स्ट्रीट, १९ नंबर. छोटं घर आहे, तासाभरात होतं, पण मला हे बाथमधलं सगळ्यात जवळचं ठिकाण वाटतं. विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आणि रात्री स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून आकाश बघायचा. १३ मार्च १७८१ ला याच घराच्या मागच्या बागेतून त्याला युरेनस दिसला. त्याची बहीण कॅरोलाईन त्याच्या बरोबरीने काम करायची, पुढे तिने स्वतः धूमकेतू शोधले. मागच्या वर्कशॉपमध्ये खाली बघा, फरशीचे दगड तडकलेत. दुर्बिणीचा मोठा आरसा ओतताना साचा फुटला, वितळलेला धातू जमिनीवर पसरला आणि दगड फुटले, ते तसेच ठेवलेत. सुट्टीचे दिवस असतात, आधी बघून जा.

दुपार मोकळी असेल आणि हवा चांगली असेल तर प्रायर पार्कला जा, राल्फ अ‍ॅलनची बाग, नॅशनल ट्रस्टकडे आहे. तळ्यावर खांबांचा छप्परवाला, पॅलेडियन म्हणजे इटलीच्या पॅलेडिओ या वास्तुकाराच्या शैलीतला पूल आहे, अशा प्रकारचे जगात चारच. वरून पूर्ण गाव दिसतं. बागेत चढउतार भरपूर, स्ट्रोलर घेऊन त्रास होतो. लहान मुलं असतील तर त्यापेक्षा रॉयल व्हिक्टोरिया पार्क, मोठं प्लेग्राउंड आहे आणि बोटॅनिकल गार्डन फुकट. चालायची खरी आवड असलेल्यांनी स्कायलाईन वॉक करावा, सहा मैलांचा, चिखलाचे बूट लागतात.

वेळ कमीच असेल तर काय सोडायचं? अ‍ॅबीचा टॉवर, नंबर १ चं म्युझियम आणि शॉपिंग सोडा. रोमन बाथ्स घाईत करू नका आणि थर्मे सोडू नका.

गाडीने येणार असाल तर गावात शिरू नका, रस्ते अरुंद आणि पार्किंग महाग. लॅन्सडाऊन, न्यूब्रिज आणि ऑड डाऊन इथे पार्क अँड राईड आहे, तिथे गाडी लावून बसने या. क्लीन एअर झोन, म्हणजे धूर जास्त सोडणाऱ्या काही गाड्यांकडून पैसे घेणारा भाग, आहे पण खासगी कारला त्याचे पैसे पडत नाहीत. रात्री मुक्काम असेल तर पार्क अँड राईडला गाडी रात्रभर ठेवता येते का ते आधी बघा, नाहीतर हॉटेललाच विचारा.